क्रूझ रद्द केली, आता डिपॉझिटचं काय?

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी भुसावळहून थोरल्या बहिणीचा फोन आला. मेहुण्यांची अँजिओग्राफी झाली होती, डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. ते सगळं बोलून झाल्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "भाऊ, त्या सिंगापूरच्या जहाजाचे पन्नास हजार भरले होते आम्ही. ते गेले ना?" मेहुणे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हापासून दोघांनी ती सहल मनात धरली होती. २६ डिसेंबरला जहाज सुटणार होतं. तिनं एजंटाला फोन केला होता आणि त्यानं एका वाक्यात विषय संपवला होता: "काकू, डिपॉझिट परत मिळत नसतं."

मी जळगावात हिशेबाचं काम करतो. त्या वाक्यामागचे कागद मागवले, वाचले, आणि मग पुढचे दोन-तीन महिने या विषयात बराच खोल उतरलो. आपल्याकडून आता बरीच माणसं क्रूझला जातात. कुणी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोवा-लक्षद्वीपला, कुणी सिंगापूरला, कुणी अमेरिकेतल्या मुलाकडे गेल्यावर तिथून अलास्काला. बुकिंग कसं करायचं ते सगळे सांगतात. रद्द करायची वेळ आली की मात्र घरातलं माणूस आजारी असतं, डोकं ठिकाणावर नसतं, आणि समोरचा जे सांगेल ते ऐकून आपण गप्प बसतो. गप्प बसू नये म्हणून हे लिहितो आहे. परतावा मागताना आपण फक्त हिशेब मागत असतो: कोणते पैसे, कशापोटी भरले, आत्ता कुणाकडे आहेत, आणि कोणत्या लिखित नियमानं कापले.

आधी 'डिपॉझिट' या शब्दाची फोड करू. रावेर-यावलकडे व्यापारी केळीची बाग ठरवतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातावर इसार ठेवतो. ठरल्या दिवशी तो कापणीला आलाच नाही, तर इसार बुडाला. त्यावर कुणी भांडत नाही, कारण इसार हा शब्दाला जागण्यासाठीच दिलेला असतो. पण त्याच व्यापाऱ्यानं मालाच्या किमतीतली निम्मी रक्कम आधीच दिली असेल, तर ती इसार म्हणून गिळता येत नाही. ती किमतीचा आगाऊ हप्ता आहे, आणि सौदा मोडला तर किती नुकसान झालं याचा हिशेब बसून करावा लागतो. क्रूझच्या पावतीवर या दोन्ही प्रकारांना एकच शब्द असतो, डिपॉझिट. एजंट त्याला इसार समजून बोलतो. आपण पावती उघडून बघायचं की तिथे काय लिहिलं आहे.

बऱ्याच क्रूझ कंपन्या दोन प्रकारचं भाडं ठेवतात. एकात डिपॉझिट ठरावीक तारखेपर्यंत परत मिळतं. दुसरं थोडं स्वस्त असतं, पण त्यात डिपॉझिट परत मिळत नाही, किंवा काही रक्कम कापून उरलेली पुढच्या सहलीसाठी जमा ठेवतात. स्वस्त भाडं घेताना ही अट मान्य केलेली असेल, तर नंतर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. पण ती अट आपल्याला बुकिंगच्या वेळी दाखवली होती का, हा प्रश्न विचारायचाच. माझ्या बहिणीच्या बाबतीत एजंटानं व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त जहाजाचे फोटो आणि दर पाठवले होते. अटींची पीडीएफ मी मागितल्यावर आली, आणि तिच्यात वेगळंच लिहिलं होतं: जहाज सुटण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास माणशी ३,००० रुपये कापून बाकी परत. ५९ ते ३० दिवसांत क्रूझ भाड्याच्या ५० टक्के कपात. त्यानंतर आणखी जास्त, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत काहीच परत नाही.

कपातीचा हा पायरी-पायरीनं चढणारा जिना समजायला आपल्या भागात कुणाला अवघड जाऊ नये. भुसावळ जंक्शनवर वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की गाडी सुटायला जितका वेळ कमी, तितकी तिकिटावरची कपात जास्त. जहाजाचंही तसंच, फक्त तासांऐवजी दिवस आणि आठवडे. परदेशी जहाजांच्या लांबच्या सफरींना हा जिना ९० दिवसांपासूनही सुरू होतो. मुंबईहून सुटणाऱ्या छोट्या सफरींना तो पुष्कळदा आखूड असतो. प्रत्येक कंपनीच्या पायऱ्या वेगळ्या, त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभव आपल्या कामाचा नाही.

दिवस मोजताना मात्र फार सावध राहायला हवं. २६ डिसेंबरच्या जहाजाला ६० दिवस आधीची तारीख येते २७ ऑक्टोबर. बहिणीचा फोन आला २२ तारखेला. म्हणजे हातात पाच दिवस. ती आणि मेहुणे पंधरा दिवसांपासून "बघू, तोवर बरं वाटेल" म्हणत थांबले होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. मनातली सहल आपल्या हातानं मोडणं सोपं नसतं. पण जिना आपली मनःस्थिती बघत नाही. आणखी सहा दिवस गेले असते तर त्याच डिपॉझिटमधून जवळपास काही उरलं नसतं. त्यात भर म्हणजे पुष्कळ अटींमध्ये लिहिलेलं असतं की रद्द करण्याची सूचना 'कार्यालयीन वेळेत लेखी मिळाल्यापासून' धरली जाईल. शनिवारी रात्री पाठवलेला मेल सोमवारी मिळाला असं मानतात. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर आणखी तीन-चार दिवस जातात. परदेशी कंपनी असेल तर तिथल्या घड्याळाप्रमाणे दिवस मोजतात.

म्हणून फोनवर रद्द करून थांबायचं नाही. एजंट म्हणतो, "झालं काकू, मी सांगून टाकतो," आणि तो खरंच सांगतो की आठ दिवसांनी सांगतो, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. त्याच रात्री मी बहिणीच्या मेलवरून एजंटाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकत्र मेल पाठवला, आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकला. मजकूर साधा होता, तो इथे देतो. मुंबईच्या किंवा परदेशातल्या ऑफिसला पाठवायचा तर इंग्रजीत करून घ्या:

"आमचा बुकिंग क्रमांक अमुक, जहाज सुटण्याची तारीख अमुक, प्रवासी दोन. वैद्यकीय कारणामुळे आम्ही हे बुकिंग आज, अमुक तारखेला, रद्द करत आहोत. आपल्या अटींनुसार होणारी कपात, तिचा बाबवार तपशील, आणि परत मिळणारी रक्कम किती दिवसांत व कोणत्या खात्यात येईल, हे लेखी कळवावे. रद्द झाल्याची पोच द्यावी. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे."

यात रागाचा एक शब्द नाही आणि विनवणीचाही नाही. 'आज रद्द करत आहोत' हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ जण लिहितात, "रद्द करायचं म्हटलं तर किती कापाल?" ती चौकशी झाली. त्यावर उत्तर येईपर्यंत बुकिंग चालूच राहतं आणि जिन्याची पुढची पायरी येते. कपात किती हे अटींतून आपणच आधी काढायचं, आणि मेलमध्ये निर्णय लिहायचा.

त्याआधी एकदा घरात विचार करा की सगळेच जाणार नाहीत का. एका केबिनमध्ये दोघं, आणि त्यातला एकच रद्द झाला, तर गोष्ट वेगळी होते. जहाजाचं भाडं दोघं एका केबिनमध्ये राहतील असं धरून लावलेलं असतं. उरलेल्या एकट्याला पुष्कळदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं, आणि रद्द केलेल्या माणसाच्या परताव्यातून हाती काहीच येत नाही. अशा वेळी नाव बदलून घेता येतं का ते विचारा. मूळ प्रवाशांपैकी एक जण कायम असेल तर बऱ्याच कंपन्या दुसऱ्याच्या जागी नवं नाव थोड्या शुल्कात घेतात. आजारी काकांच्या जागी पुतणी गेली, तर पैसे वाचतात आणि काकूंची सहलही होते. तारीख पुढे ढकलण्याची सोयही कधी कधी असते, पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक भरावा लागतो.

आता कपातीचा हिशेब. इथेच सगळ्यात जास्त पैसे हातचे जातात, कारण आपण एकूण रकमेकडे बघतो. क्रूझच्या बिलात साधारण चार-पाच वेगळ्या बाबी असतात: मूळ क्रूझ भाडं, बंदर शुल्क आणि सरकारी कर, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी आधीच घेतलेली बक्षिसी, बंदरावर उतरून करायच्या सहली, आणि एजंटाचं सेवा शुल्क. जिन्यातली टक्केवारी पुष्कळ कंपन्यांच्या अटींत फक्त क्रूझ भाड्यावर असते. बंदर शुल्क कंपनी त्या त्या बंदराला प्रवासी आल्यावर भरते. तुम्ही गेलाच नाहीत तर ते भरायचं कारण उरत नाही. बक्षिसीचंही तसंच: सेवाच घेतली नाही तर बक्षीस कसलं? म्हणूनच क्रूझ भाडं शंभर टक्के बुडालं तरी बंदर शुल्क आणि बक्षिसी परत मिळू शकते, अगदी माणूस जहाज सुटायच्या दिवशी पोहोचलाच नाही तरी. हे मागणारे फार थोडे.

समजा, दोघांचं क्रूझ भाडं १,१०,००० रुपये, बंदर शुल्क व कर १८,०००, बक्षिसी १२,०००. एकूण १,४०,०००, आणि सगळे भरून झालेत. तुम्ही ५० टक्के कपातीच्या काळात रद्द केलंत. एजंट म्हणाला, निम्मे गेले, सत्तर हजार परत. पण अट भाड्यापुरती असेल तर कपात ५५,००० ची, आणि परत यायला हवेत ८५,०००. पंधरा हजारांचा फरक फक्त 'कशाच्या ५० टक्के' या एका प्रश्नावर पडला. उलट बाजूही बघा. तुम्ही फक्त डिपॉझिट म्हणून ४०,००० भरलेत आणि कपात एकूण भाड्याच्या ५० टक्के आहे, तर भरलेले चाळीस हजार त्यातच जातात. "भरलेल्याच्या निम्मे मिळतील" ही समजूत इथे फसवते.

जीएसटीचा मुद्दा बारीक आहे, पण पैसे त्यातही असतात. कापलेल्या रकमेवर मूळ सेवेच्याच दरानं जीएसटी लागतो, हे २०२२ च्या परिपत्रकात केंद्रानं स्पष्ट केलं आहे. म्हणजे कपातीवरचा कर त्यांनी घेतला तर ते चूक नाही. पण जी रक्कम परत मिळते आहे, तिच्यावर घेतलेला करही परत यायला हवा. बिल झालेलं असेल तर एजंट क्रेडिट नोट काढतो, फक्त आगाऊ रक्कम घेतली असेल तर रिफंड व्हाउचर. "जीएसटी सरकारकडे गेला, आता येत नाही" हे उत्तर पुरेसं मानू नका. परदेशी पॅकेजवर एजंटानं टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, घेतला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकर खात्याच्या नोंदींत दिसतो. एजंटानं तो आधीच भरला असेल, तर प्राप्तिकराचं विवरण भरताना तो वजा किंवा परत मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी निवृत्त मंडळींनी हे पैसे विवरण न भरल्यामुळे तसेच सोडून दिलेत.

बिल डॉलरमध्ये किंवा सिंगापूर डॉलरमध्ये असेल तर परतीचा दर आणि कार्डाचं चलन शुल्क यांमुळे थोडी घट येते. ती बहुधा सोसावी लागते.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पैसे आत्ता नेमके कुणाकडे आहेत? आपण जळगाव किंवा धुळ्याच्या एजंटाला पैसे देतो. तो मुंबईच्या मोठ्या एजंटाला देतो. तो क्रूझ कंपनीला. प्रत्येक टप्प्यावर दिवस जातात. कित्येकदा सुरुवातीला एजंट कंपनीकडे केबिन काही दिवसांसाठी नुसती धरून ठेवतो, पैसे न भरता. अशा अवस्थेत तुम्ही रद्द केलंत, तर कंपनीनं काहीच कापलेलं नसतं, कारण तिला काही मिळालंच नव्हतं. मग एजंट 'कंपनीची कपात' म्हणून जे सांगतो ती कपात कुणाची? म्हणून बुकिंग करतानाच कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागायचा आणि पैसे भरल्यावर कंपनीची पावती. एजंटाच्या लेटरहेडवरची पावती वेगळी. आणि रद्द झाल्यावर कंपनीनं काढलेलं रद्द बिल मागायचं, ज्यात तिनं स्वतः किती कापलं ते लिहिलेलं असतं. एजंटाला त्याच्या कामाचे पैसे मिळावेत याबद्दल माझं दुमत नाही. त्यानं फोन केले, कागद केले, व्हिसासाठी धावपळ केली. पण त्याचं शुल्क आधी सांगितलेलं आणि लिहिलेलं असावं, कंपनीच्या नावाखाली नंतर घातलेलं नसावं.

आता कायद्याकडे येऊ, कारण "अट लिहिली आहे, सही केली आहे, संपलं" असं अनेकांना वाटतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम ठरवून ठेवली असली, तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते. ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा. याचा अर्थ काय, ते मौला बक्ष यांच्या खटल्यात दिसतं. त्यांनी सैन्याला बटाटे, आणि दुसऱ्या करारानं कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचं कबूल केलं होतं आणि अनामत ठेवली होती. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारनं करार रद्द करून अनामत जप्त केली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, ही अनामत इसार नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल, तर सरकारनं ते सिद्ध करायला हवं होतं. सरकारनं बाजारातून किती दरानं माल घेतला हे दाखवता आलं असतं, ते दाखवलं नाही. म्हणून अनामत परत.

२०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाविरुद्धच्या खटल्यात न्यायालयानं हाच विचार इसारालाही लावला. प्राधिकरणानं लिलावातल्या भूखंडाचा इसार जप्त केला होता, पण नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला होता. नुकसानच नाही, तर जप्ती कशाची, असं म्हणून पैसे परत द्यायला लावले. तुमची केबिन रद्द झाल्यावर ती दुसऱ्याला विकली गेली असेल, तर हाच प्रश्न तुम्ही विचारू शकता. तीन महिने आधी रद्द केलेली केबिन नाताळच्या हंगामात रिकामी राहण्याची शक्यता कमी असते. दोन दिवस आधी रद्द केली तर कंपनीचं नुकसान खरंच होतं, तेही मान्य करायला हवं. या निकालांमुळे पैसे आपोआप मिळत नाहीत. पण पत्रात त्यांचा उल्लेख आला की समोरचा हिशेब दाखवायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरा आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'अन्यायकारक करार' अशी वेगळी व्याख्या आहे. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लावणारी अट तिच्यात येते. इथे एक खाच आहे. 'ही अटच अन्यायकारक आहे' अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते. पण 'कबूल केलेला परतावा दिला नाही', 'अटी आधी दाखवल्या नाहीत', 'कंपनीनं कापलं त्यापेक्षा जास्त एजंटानं कापलं' या तक्रारी सेवेतल्या त्रुटीच्या किंवा अनुचित व्यापारी प्रथेच्या आहेत, आणि त्या जिल्हा आयोगातच होतात. तक्रार लिहिताना मुद्दा याप्रमाणे मांडावा, नाहीतर सुरुवातीलाच अडकते.

कंपनीनंच सफर रद्द केली तर चित्र पालटतं. इंजिन बिघडलं, वादळ आलं, पुरेसे प्रवासी नाहीत, कारण काहीही असो, सेवा मिळाली नाही तर भरलेले पैसे परत मागण्याचा तुमचा हक्क भक्कम असतो. अशा वेळी कंपन्या रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीचं क्रेडिट देऊ करतात, आणि ते दिसायला मोठं असतं. २०२० मध्ये कोविडमुळे जहाजं थांबली तेव्हा अनेक कंपन्यांनी १२५ टक्के क्रेडिट किंवा १०० टक्के रोख असा पर्याय दिला होता. तरुण जोडप्यानं क्रेडिट घ्यायला हरकत नाही. सत्तरीतल्या माणसानं रोख घ्यावं, असं मी स्पष्ट सांगतो. क्रेडिटला मुदत असते, ते बहुधा दुसऱ्याला देता येत नाही, आणि प्रकृतीचा भरवसा नसतो. एकदा 'क्रेडिट मान्य' असं क्लिक केलं की परत रोख मागणं अवघड जातं, म्हणून मेलमधलं बटण दाबण्याआधी घरातल्या वाचणाऱ्या माणसाला दाखवा. अमेरिकेतल्या बंदरावरून सुटणाऱ्या जहाजांसाठी तिथल्या सागरी आयोगाचा २०२२ चा नियम आहे: सफर रद्द झाली, किंवा तीन वा अधिक दिवस लांबली आणि तुम्ही जायचं नाही ठरवलंत, तर परतावा मागता येतो. मधलं एखादं बंदर वगळलं, तर मात्र पूर्ण परतावा मिळत नाही. त्या बंदराचं शुल्क आणि तिथल्या सहलीचे पैसे तेवढे मिळतात.

विमा. प्रवास विम्यात सहल रद्द झाल्याचं संरक्षण असतं, पण ठरावीक कारणांसाठी: प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, अचानक रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, अशी. 'मन बदललं', 'सुट्टी मिळाली नाही' ही कारणं साध्या पॉलिसीत बसत नाहीत, आणि व्हिसा नाकारला गेल्याचंही सगळ्यांत बसत नाही. जुना आजार लपवला तर दावा फेटाळला जातो. आणि सगळ्यात मोठी चूक ही की आपण विमा विमानाच्या तिकिटाबरोबर, निघण्याच्या आठवड्यात काढतो. तोवर चार-पाच महिने डिपॉझिट उघड्यावर असतं. आजार कळल्यावर काढलेला विमा त्या आजारासाठी उपयोगाचा नाही. डिपॉझिट भरलं त्याच आठवड्यात विमा काढायचा. माझ्या बहिणीनं काढला नव्हता. काढला असता तर तिचे सहा हजारही वाचले असते.

पैसे क्रेडिट कार्डानं भरले असतील, परतावा कबूल झाला असेल आणि तो येत नसेल, तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याचा, अर्ज करता येतो. साधारण १२० दिवसांची मुदत धरतात, पण बँका त्याहून लवकर मागतात. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रोख दिलेल्या पैशांना ही सोय नाही. म्हणून मोठी रक्कम कार्डानं द्यावी, किंवा निदान बँकेतून, पावती घेऊन. रोख देऊन "पावती नंतर देतो भाऊ" या शब्दावर थांबू नये, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

पत्रव्यवहारानं भागलं नाही तर पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची: १९१५. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि ते तुमची तक्रार त्या कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. ते न्यायालय नाही, आदेश देऊ शकत नाही, पण बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी तो आहे. कंपनीचं ऑफिस मुंबईत वा परदेशात असलं तरी तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, ही नव्या कायद्यातली फार मोठी सोय आहे. अटींमध्ये 'वाद सिंगापूरच्या न्यायालयात' किंवा 'लवादाकडे' असं लिहिलं असलं तरी घाबरू नका. लवादाची अट असली म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. एजंट आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही. त्याआधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवून १५ दिवस द्या आणि पोच जपून ठेवा. निकाल कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांत लागेलच असं धरून चालू नका.

बहिणीचं पुढे असं झालं. एजंटाचं उत्तर आलं २९ ऑक्टोबरला: आता ५० टक्क्यांची पायरी लागली, काही मिळणार नाही. मी २२ तारखेचा मेल त्याला परत पाठवला, कंपनीकडून आलेली आपोआप पोच जोडली, आणि कंपनीकडे मेलनं विचारलं की तुमच्याकडे रद्द झाल्याची नोंद कोणत्या तारखेची आहे. तीन दिवसांनी कंपनीनं लिहिलं, २३ ऑक्टोबर. त्यानंतर एजंटानं काही वाद घातला नाही. नोव्हेंबरात बायपास झाली, मेहुणे घरी आले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात ४०,००० रुपये जमा झाले. सोबत एक ओळ: कॅन्सलेशन चार्जेस १०,०००.

बहीण म्हणाली, "जाऊ दे भाऊ, मिळाले तेवढे पुष्कळ." मी कंपनीचं रद्द बिल मागितलं. त्यात कपात होती ६,०००, दोघांचे प्रत्येकी तीन. उरलेले चार हजार एजंटानं सेवा शुल्क म्हणून ठेवले होते, आणि ते बुकिंगच्या एकाही कागदावर नव्हतं. त्याला एक मेल केला, उत्तर आलं नाही. १९१५ वर तक्रार नोंदवली, दोन्ही बिलं जोडली. बाराव्या दिवशी बहिणीच्या खात्यात चार हजार आले.